वरची वाट

राजश्री चौगुले पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या चष्म्याची एक काच फुटलेली होती आणि दुसरीवर एवढे चरे होते की त्यातून तिला दिसतं तरी कसं, असा मला प्रश्न पडला. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका इंजिनिअरचं ऑफिस होतं, तिथं ती घरांचे नकाशे काढायला होती. जिन्यात जाता-येता दिसायची. जयसिंगपूरची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, इथं खोली घेऊन राहते, एवढंच मला ठाऊक होतं.

"काच कशानं फुटली?" मी विचारलं.

"दगूड फोडताना कपची उडाली."

"ऑफिसात दगड फोडता होय?"

"ऑफिसात न्हाय. डोंगरात. रविवारी जातो आमी." मग काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली, "जरा जाड काच बसवा दादा. परत फुटणार हाय ती."

आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी गेलो, मी आलो' असंच बोलायची. हात मात्र नकाशे काढणाऱ्या मुलीचे वाटत नव्हते. बोटांच्या पेरांवर जुन्या खपल्या होत्या, एक नख काळं पडलं होतं. मी हाताकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं हात लपवले नाहीत.

"तुमी रविवारी काय करता?" तिनं विचारलं.

"दुकान बंद असतं."

"ते कळलं की. तुमी काय करता?"

पुढच्या रविवारी पहाटेच्या एसटीत मी तिच्या मागच्या सीटवर बसलेला होतो. वयानं त्या सगळ्या टोळक्यात मीच मोठा. बाकी कॉलेजातली पोरं-पोरी, एका दवाखान्यातली नर्स, शिरोलीच्या कारखान्यातले दोघं-तिघं. या मंडळींना नाव नव्हतं. कुणी नाव ठेवायचा विषय काढला की राजश्री म्हणायची, "नाव ठिवलं की अध्यक्ष लागतो. अध्यक्ष आला की हार लागतो. मग काम कोण करणार?"

आम्ही जायचो ती जागा गगनबावड्याच्या अंगाला आहे. नाव मी लिहिणार नाही. का लिहीत नाही ते पुढं कळेल.

डोंगराच्या कुशीत एक छोटी वाडी. वाडीच्या वर राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जुनं रान, आणि राईच्या वर सपाट कातळाचा लांबच लांब सडा. वाडीच्या खाली मोठं गाव, तिथं शाळा. वाडीतली पोरं रोज त्या शाळेत उतरून जायची. गाडीरस्ता लांबच्या वळणानं जायचा; पोरं ज्या वाटेनं जायची ती वाट म्हणजे पावसाळ्यात वाहणारी घळच होती. आम्ही गेलो ते ही खालची वाट दुरुस्त करायला. वनखात्याची परवानगी तिनं काढली होती. ती कशी काढली हे कधी सांगितलं नाही, पण तिथले वनरक्षक तिला लांबनं बघूनच हसायचे आणि म्हणायचे, "आली बघा, आता चहा गार होणार."

पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, हातात कुदळ मिळेल. मिळाली छत्री. पाऊस कोसळत होता आणि आम्ही सगळे वाटेच्या कडेला छत्र्या धरून उभे. ती ओणवी होऊन वाटेवरून वाहणारं पाणी बघत होती. अर्धा दिवस आम्ही फक्त पाणी बघितलं.

"वाट माणसं खराब करत न्हाईत दादा," ती म्हणाली. "पाणी करतंय. पाण्याला आधी जायाला जागा द्यायची, मग माणसाला."

उन्हाळ्यातसुद्धा ती असंच करायची. कुठंही थांबली की पिण्याच्या बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतायची आणि ते कुठल्या बाजूला वळतं ते बघत बसायची. मग तिथं तिरका चर काढायला सांगायची. परत येताना तहान लागली की दुसऱ्यांच्या बाटल्या मागायची. त्यावरून पोरं तिची चेष्टा करायची आणि तिला ती चालायची.

चेष्टा चालायची नाही ती दगडाच्या बाबतीत. वाटेला पायरी म्हणून दगड बसवला की ती त्यावर एका पायावर उभी राहायची आणि अंगाचा तोल इकडून तिकडं टाकायची. दगड जरासा हलला, खालून कट्ट असा आवाज आला, की म्हणायची, "बोलतोय ह्यो. गप करा त्याला." मग दगड उचकटायचा, खालची माती खरवडायची, दगडाच्या चिपा भरायच्या, परत बसवायचा. कारखान्यातला एक पोरगा एकदा वैतागून म्हणाला, "ताई, एवढा आवाज चालतोय की. कोण ऐकतंय?"

ती म्हणाली, "डोक्यावर भारा घेतलेली बाई ऐकती. तिला खाली बघता येत न्हाय."

त्या पोरानं तो दगड पुन्हा तीनचारदा बसवला.

तिचं जेवण ठरलेलं. भाकरी, खर्डा आणि एक कांदा. कांदा ती दगडावर मुठीनं फोडायची आणि सगळ्यांना एकेक पाकळी द्यायची. जेवताना कामाविषयी बोलायची नाही. वडील दुधाचा व्यवसाय करायचे, ते कसे म्हशीशी भांडतात याच्या नकला करायची. हसताना चष्मा काढून ठेवायची, का ते मला कळलं नाही. कुणी आभार मानले तर तिला अवघडल्यासारखं व्हायचं. वाडीतल्या एका माणसानं एकदा नारळ आणि टॉवेल आणला, तर ती सरळ घळीत उतरून गेली आणि आम्हाला तो सत्कार उरकावा लागला.

वाडीतलं शेवटचं घर हौसाक्कांचं. म्हातारी, एकटी. माहेर निपाणीकडचं म्हणून सगळी वाडी त्यांना अक्का म्हणायची. राईतल्या देवीची दिवाबत्ती त्यांच्याकडं होती. आमच्या पहारी, कुदळी आणि घमेली त्यांच्या गोठ्यात असायची. हौसाक्का फार बोलायच्या नाहीत. आम्ही आलो की चुलीवर कोरा चहा ठेवायच्या आणि राजश्रीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. तिनं केस कधी नीट विंचरलेले नसायचे याचं त्यांना वाईट वाटायचं.

खालची वाट एका पावसाळ्याच्या आधी पुरी झाली. शाळा उघडली त्या दिवशी राजश्रीनं ऑफिसात सुट्टी टाकली आणि मलाही दुकान बंद ठेवायला लावलं. पाऊस होता. आम्ही वाटेच्या मध्यावर एका झाडाखाली उभे राहिलो. थोड्या वेळानं पोरं आली. आधी काय व्हायचं, पोरं चपला हातात घेऊन, दप्तर पोटाशी धरून घसरत उतरायची. त्या दिवशी ती बडबडत, एकमेकांना ढकलत, चपला घालून उतरली. आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. राजश्री त्यांच्या पायांकडं बघत होती. शेवटची पोरगी वळणाआड गेली तेव्हा म्हणाली, "बघितलंत न्हवं? चपला."

मी हो म्हटलं. तिनं चष्मा काढून पुसला. पावसानं तो लगेच परत ओला झाला.

तिथंच थांबायला हवं होतं, असं पुढं ती कितीदा तरी म्हणाली.

वरची वाट कुणी मागितलेली नव्हती. वाडीतून राईकडं आणि राईतून सड्यावर जाणारी एक पुसट पायवाट होती. बोरी-करवंदीतून वाकून जावं लागायचं, एका ठिकाणी चारी हातापायांनी चढावं लागायचं. वाडीची माणसं वर्षातून एक-दोन वेळा, देवीच्या दिवशी तेवढी जायची. राजश्रीनं ती चढण बघितली आणि तिला राहवलं नाही. खालची वाट गरजेची होती. वरच्या वाटेवर तिला तिच्या मनासारखं काम करता येणार होतं. कातळाच्या कडेनं वळणं घेत जाणाऱ्या, मातीचा कणही वाहून न जाऊ देणाऱ्या दगडी पायऱ्या तिला दिसायला लागल्या होत्या.

तिनं हौसाक्कांना विचारलं. त्या चुलीतली लाकडं सारखी करत म्हणाल्या, "देवीकडं जायाला एवढी सोपी वाट कशाला ग बाई? दमून गेलेलं बरं असतंय."

"म्हाताऱ्या माणसांना जाता येईल की अक्का. तुमालाच किती त्रास होतोय."

"मी जातो हळूहळू," हौसाक्का म्हणाल्या. पण नको असंही त्या म्हणाल्या नाहीत.

दोन हिवाळे ते काम चाललं. मोहसीन आला तो त्याच काळात. सड्यावर पाऊस सरताना बारीक रानफुलं येतात, पायाच्या घोट्याइतकी उंच, निळी, पिवळी, पांढरी. अशा एका सकाळी तो मोटरसायकल घेऊन मागच्या बाजूच्या ढोरवाटेनं सड्यावर चढला होता आणि फुलांतून गोल गोल गाडी फिरवत होता. मित्र व्हिडिओ काढत होता. राजश्री चालत गेली आणि गाडीच्या पुढं जमिनीवर मांडी घालून बसली.

"पावणं, गाडी हितनं न्हाय फिरवायची."

"तुमची जागा हाय काय?"

"माझी न्हाय. तुमची बी न्हाय. उतरा खाली आणि बघा, चाकाखाली काय हाय ते."

तो उतरला. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यानं वाकून चाकाखाली बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि गाडी बंद करून ती ढकलत सड्याच्या कडेपर्यंत नेली. उन्हात, एकटा. मित्र पुढं निघून गेला. पुढच्या रविवारी मोहसीन एसटी स्टँडवर आमच्या आधी येऊन उभा होता. कोल्हापुरात त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. अंगानं पैलवान, हात कुशल. वरच्या वाटेवरचे मोठे दगड बहुतेक त्यानंच बसवले. राजश्रीनं एका पायावर उभं राहून बघितलं की तो शेजारी हात जोडून उभा राहायचा आणि दगड गप्प राहिला तर सगळ्यांकडं बघून मिशीला पीळ द्यायचा. एका रविवारी तो आपल्या वडिलांना घेऊन आला. गुडघ्याचं दुखणं असलेले ते गृहस्थ हळूहळू चढत राईपर्यंत गेले. तिथं सावलीत बसून त्यांनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मोहसीन नुसता दगड उचलत राहिला.

वाट खरोखर सुंदर झाली होती. वर चढताना कळायचं नाही की आपण चढतोय. ती पूर्ण झाली तेव्हा मोहसीननं फोनवर व्हिडिओ काढला. पायऱ्या, राई, मग एकदम उघडा सडा आणि ढग. फोटो काढायला राजश्रीची नेहमी मनाई असायची. पण त्या दिवशी तिनं तो व्हिडिओ दोनतीनदा बघितला. मोहसीननं विचारलं, "टाकू काय ताई?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "टाक."

नुसता तेवढा एक शब्द. त्यानंतर तो शब्द तिनं माझ्याजवळ किती वेळा उच्चारला असेल. "दादा, मीच म्हटलो, टाक."

त्या पावसाळ्यात माणसं यायला लागली. आधी थोडी, मग रविवारी वाडीत गाड्या मावेनात. सांगली, पुणे, बेळगावच्या गाड्या. माणसं वाईट नव्हती. घरच्यांना घेऊन आलेली, डबे आणलेली, लेकरांना ढग दाखवणारी. पण ती फुलांत बसली, फुलांत लोळली, फुलांत नाचली. स्पीकर वाजले. पुढच्या वर्षी सड्याच्या वाटेलगतच्या भागात फुलं उगवलीच नाहीत, नुसती तुडवलेली लाल माती राहिली. आम्ही कामाऐवजी कचरा गोळा करायला लागलो. राजश्री रविवारी वाटेच्या तोंडाशी उभी राहून माणसांना समजावून सांगायची. सुरुवातीला हात जोडून. काही ऐकायची, काही तिच्याबरोबर फोटो काढायची.

वाडीत मात्र जरा बरकत आली होती. हौसाक्कांचा पुतण्या बाळू, मुंबईहून परत आलेला, त्यानं वाटेच्या पायथ्याशी चहा-भज्यांची टपरी घातली, मग चार तंबू ठोकले. त्याची बायको भाकऱ्या करून द्यायची. दुपारी टपरीवर बसून ती दोघं हसत असायची. राजश्री त्यांना काही बोलायची नाही. फक्त त्यांच्याकडं चहा प्यायची आणि उठायची.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी एकदा ती मला राईत बाजूला घेऊन गेली. एका जुन्या बेहड्याच्या झाडाकडं बोट केलं. बऱ्याच उंचावर खोडात एक ढोली होती आणि तिचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं, मधे फक्त एक फट. थोड्या वेळानं मोठ्या चोचीचा एक धनेश आला, खोडाला धरून बसला आणि चोचीतलं उंबर त्यानं फटीतून आत दिलं.

"आत मादी हाय," राजश्री हळू आवाजात म्हणाली. "ती स्वतःला कोंडून घेती. पिल्लं होईस्तोवर भाईर येत न्हाय. त्यो आणून देईल तेवढंच खायाचं. अक्का सांगतात, त्या लगीन होऊन आल्यापासनं हे झाड असंच हाय. कुणाला बोलू नका दादा."

मी कुणाला बोललो नाही. तीही बोलली नाही. झाडाचं कुणालाच कळलं नाही, आणि तरीही ते वाचलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ती जिन्यावरून धावत खाली आली. हातात नकाशाची पेन्सिल तशीच. "दादा, गाडी काढा. बाळूचा फोन आलता. सडा पेटलाय."

मी शटर ओढलं. मोहसीनला रस्त्यातून उचललं. तासाभराचा रस्ता होता. घाटाच्या वळणावरून धूर दिसला तेव्हा मोहसीन शिवी देता देता थांबला.

राईच्या वरच्या कडेला, सड्यालगत, तीन दगडांची चूल करून कुणीतरी मटण शिजवलं होतं आणि विस्तव न विझवता निघून गेलं होतं. वाऱ्यानं तो वाळल्या गवतात गेला. आम्ही पोचलो तेव्हा वनखात्याची माणसं आणि वाडीतले गडी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. राजश्रीनं एकदा वाऱ्याकडं बघितलं आणि राईच्या मधून गवत-पाला काढून मोकळा पट्टा करायला सांगितला, म्हणजे आग पुढं सरकणार नाही. वरचा भाग सोडून द्यावा लागणार होता. तिला ते माहीत होतं. बेहडा वरच्या भागात होता.

"वरचं गेलं तर जाऊ दे. खालचं वाचवा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

अंधार पडेपर्यंत आम्ही खरवडत होतो. पट्ट्यापाशी आग अडली. शेवटी शेवटी जळकी फांदी मोहसीनच्या उजव्या हातावर पडली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. त्याला घेऊन मी कोल्हापूरला आलो. राजश्री हौसाक्कांकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेलो. ती राईत होती. जमीन अजून गरम लागत होती. बेहडा उभा होता, पण आतून पोकळ जळाला होता. ढोलीच्या जागी काळं भगदाड होतं. राजश्री समोरच्या दगडावर बसली होती, तोंडावर राख, केस तसेच.

मी काही बोलायच्या आधी तिनं हात वर करून मला थांबवलं. धनेश आला. चोचीत उंबर. काळ्या खोडाला धरून बसला, भगदाडात मान घातली, बाहेर काढली. आवाज केला. शेजारच्या झाडावर जाऊन बसला. मग परत आला. उंबर अजून चोचीतच होतं.

"सकाळधरनं चाललंय," ती म्हणाली.

मी तिला चल म्हणालो नाही. मी शेजारी बसलो. तो पाचसहा वेळा आला. शेवटी हौसाक्का काठी टेकत आल्या, त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. त्या वेळी ती रडली. मी दुसरीकडं बघितलं.

पुढच्या महिन्यात तिनं सगळ्यांना निरोप धाडला. रविवारी सगळ्यांनी या, पहारी लागतील. आम्हाला वाटलं, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, करायची असेल, नवी रोपं लावायची असतील. ती वरच्या वाटेच्या तोंडाशी उभी होती.

"पायऱ्या काढायच्या," ती म्हणाली. "सगळ्या. बोरीच्या फांद्या टाकायच्या. आधी जशी होती तशी करायची."

कुणी हललं नाही. मोहसीनच्या हाताला पट्टी होती. त्याला अजून पाना धरता येत नव्हता, गॅरेज बंदच होतं. तो पुढं आला.

"ताई, माझा हात जळला त्याचं मला कायबी वाटत न्हाय. पण माझा बाप ह्या वाटेनं वर गेला. मी न्हाय काढणार. आणि तुमाला काढताना बघणार बी न्हाय." तो खाली वाडीत निघून गेला.

मग बाळू आला. त्याच्या मागं त्याची बायको आणि वाडीतले चारपाच तरुण. ते पायऱ्यांवर ओळीनं बसले. बाळू आरडाओरडा करणारा नव्हता.

"ताई, आग आमी लावली न्हाय," तो म्हणाला. "झाडं जळली, आमाला बी लागलं. माझी चुलती दोन दिस जेवली न्हाय. पण तुमी रविवारच्या येता आणि जाता. मी हितं ऱ्हातो. मुंबईला एका खोलीत नऊ माणसं ऱ्हायचो आमी. परत तिथं जाऊ काय? सांगा, तुमी म्हणाल तसं करतो."

  राजश्री त्यांच्या बाजूनं वर गेली, जिथं कुणी बसलं नव्हतं तिथं, आणि एका पायरीखाली पहार घातली. दगड इतका पक्का बसलेला होता की हलेना. तिनं अंगाचा सगळा भार टाकला. पहार निसटली आणि ती गुडघ्यावर पडली. उठली, परत पहार घातली. खाली आम्ही सगळे बघत उभे होतो. पोरांतल्या एकीनं हुंदका दिला. मी चार पायऱ्या चढून तिच्याजवळ गेलो, दुसरी पहार घेतली. दोघांनी मिळून तो एक दगड उचकटला. खाली मोहसीननं भरलेल्या चिपा होत्या, एकमेकींत घट्ट बसलेल्या.

त्या चिपांकडं ती बघत राहिली.

हौसाक्का आल्या. बाळू उठून बाजूला झाला. त्या हळूहळू चढल्या, राजश्रीच्या शेजारी पायरीवर बसल्या, दम घेतला.

"ऱ्हाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "माणसांनी वर काय हाय ते बघितलंय. दगूड काढलास तर ती काट्यातनं येतील. माझंच पाय तेवढं चालणार न्हाईत."

राजश्रीनं पहार खाली ठेवली. तो दगड मात्र तिनं परत जागेवर बसवला. बसवल्यावर त्यावर उभी राहिली नाही.

त्या दिवशी आम्ही दुपारच्या एसटीनं परतलो. स्टँडवर पोरं एकेक करून पांगली. ती म्हणाली, "येतो दादा." पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. थोड्या दिवसांनी वरच्या ऑफिसातली नोकरी सोडून ती जयसिंगपूरला गेली. जाताना दुकानात आली होती. चष्मा ठीक आहे का असं मी विचारलं, तर म्हणाली, "आता फुटायचं कारण न्हाय."

ती गेल्यावर मंडळी टिकली नाहीत. मी एकदोनदा फोन केले. पण पाणी बघत बसायला सांगणारं कुणी नव्हतं आणि आम्हा कुणाला तो अधिकार वाटत नव्हता. वाडीत आता पार्किंगची पावती फाडतात. वनखात्यानं राईभोवती कुंपण घातलंय, सड्यावर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. बाळूच संध्याकाळी फिरून विस्तव विझलेत का बघतो. हे सगळं चांगलंच आहे. राजश्री थांबली असती तर ते आधी झालं असतं का, की ती मुळात आलीच नसती तर त्याची गरजच पडली नसती, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मागच्या वर्षी जयसिंगपूरला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर पत्ता विचारत तिच्या घरी गेलो. दारात म्हशी, अंगणात दुधाची किटली. तिच्या आईनं आत हाक मारली. ती बाहेर आली. केस नीट विंचरलेले होते. हात गोरे, नखं साफ. तिथल्याच एका बांधकाम ऑफिसात ती नकाशे काढत होती. ऑफिस सोडून साइटवर जात नाही, असं तिनंच सांगितलं.

मोहसीनचा हात कसा आहे, तिनं विचारलं. बरा आहे, गॅरेज जोरात चाललंय, मी सांगितलं. मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. पन्हाळ्याच्या बाजूला एका डोंगरावर घाणेरीच्या झुडपांचं रान माजलंय, कॉलेजची नवी पोरं काढायला जातात, त्यांना सांगणारं कुणी नाही. तू एक रविवार ये.

ती कपातला चहा हलवत राहिली.

"न्हाय दादा."

"दगडाला हात लावू नकोस. नुसती उभी राहा."

"तसं न्हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. "वाईट काम करताना मी कधी भ्यालो न्हाय. कारण केलंच न्हाय. पण आता चांगलं काम करायचं म्हटलं की भ्या वाटतंय. हे कुणाला सांगणार? तुमालाच सांगतो."

तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली.

राजश्रीनं मला तिच्या स्कूटीवरून एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत दुधाच्या भावाविषयी, आईच्या मधुमेहाविषयी बोलली. कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. मी खिडकीत बसलो. ती खाली उभी राहून म्हणाली, "जाड काच बसवलीत न्हवं त्या वेळी, ती अजून तशीच हाय." मग हसली, आणि चष्मा काढला नाही.

गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा एक म्हातारी तिच्याजवळ आली, डोक्यावर बोचकं, हातात काठी. इचलकरंजीची गाडी कुठं लागते असं विचारत असावी. राजश्रीनं हातानं दिशा दाखवली. म्हातारीला कळेना. तेव्हा तिनं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, म्हातारीचा हात धरला, आणि गर्दीतून, उभ्या गाड्यांच्या मधून, एकेक पाऊल बघत तिला घेऊन निघाली. मी हात वर केला होता. तिनं मागं बघितलं नाही. आमची गाडी वळली तेव्हा म्हातारीला दम घेता यावा म्हणून ती थांबली होती.